डाव्या सायलेन्सरची कैफियत

मी डावा सायलेन्सर बोलतोय. उजवा बोलणार नाही, कारण त्याला कधी कुणी दोष दिलाच नाही. तो गाडीबरोबर कारखान्यातून आला, अंगावर नंबर कोरलेला, मापात बसलेला. मी आलो उरणच्या कंटेनर रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमधून. जेवायला जायच्या आधी उरकायचं काम म्हणून कुलदीप वेल्डरने मला पाऊण तासात जन्माला घातलं.

गाडी निकेतची. त्याचे आजोबा मिठागरावर राबले, वडिलांनी ट्रक घेतला आणि आता निकेतचे चार ट्रेलर बंदरावर चालतात. पोरगा कष्टाळू आहे, मनाने चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे बोलणार आहे ते त्याला फार लागायला नको. त्याने पांढरी गाडी घेतली, सेकंडहँड पण चकाचक. तिला मागे एकच सायलेन्सर होता, उजवीकडे. इंजिनाचा धूर बाहेर जायला तेवढा पुरत होता. इंजिनाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार होती दिपेशची. दिपेश हा निकेतचा चुलतभाऊ. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून तो या विषयातला जाणकार झाला होता. स्वतःची गाडी नसल्यामुळे त्याचं ज्ञान कधी तपासलं गेलं नाही.

"भाई, एक सायलेन्सर म्हंजे म्हाताऱ्याची गाडी वाटते," तो म्हणाला. "डबल टाक. माझे हलदीला आवाज निंगाला पायजे."

आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद साधी होत नाही. निकेतला ते पटलं. मग कुलदीपने मागच्या सीटखाली धुराची मुख्य नळी कापली, तिला फाटा काढला, एक वाट उजव्याकडे ठेवली आणि दुसरीला मला जोडलं. पत्रा हाताला लागला तो घेतला, पातळ होता. जोडाच्या खालच्या बाजूला त्याने छान वेल्डिंग केलं, कारण ती बाजू दिसते. वरच्या बाजूला हात पोचत नव्हता. तिथे त्याने चार ठिपके मारले आणि बाकीचं देवावर सोडलं. वरची बाजू म्हणजे गाडीच्या तळाकडची, जिच्यावर माणसं बसतात.

त्याच आठवड्यात निकेतने डिकीत गाणी दणदणवणारा मोठा बूफर बसवला. त्याची वायर खालून घ्यायची म्हणून डिकीच्या तळाचं एक रबरी बूच उपटलं. बूच चांगलं रुपयाएवढं होतं. ते शेडच्या कोपऱ्यात घरंगळत गेलं आणि कुणी उचललं नाही. वायर होती बारीक, भोक होतं मोठं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण बूफर वाजत होता.

दिपेशच्या हळदीला माझी पूजा झाली. कुंकवाचं बोट लागलं, झेंडूचा हार पडला, नारळ वाढवला. मग गाडी मांडवासमोर उभी करून निकेतने रेस दिली. पोरं नाचली, शेजारची कुत्री पळाली, दिपेशच्या सासरकडची दोन माणसं कानात बोटं घालून कौतुकाने हसली. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या अर्ध्या तासाच्या रेस देण्यातच वरचे ते चार ठिपके ढिले झाले. मग आमचं खारं वारं आलं कामाला. उरणला वारं लोखंड फुकट खातं. पंधरा दिवसांत जोडाला वरून बोटभर भेग पडली.

आता धुराला काय? त्याला जवळची वाट मिळाली. माझ्यापर्यंत यायचा कंटाळा करून तो तिथेच, मागच्या सीटखाली बाहेर पडू लागला. उजवा पहिल्यासारखा फुरफुरत राहिला. मी गार पडलो.

हे निकेतच्या लक्षात आलं ते सकाळी गाडी धुताना. मग घरासमोर तपासणी बसली. दिपेशने स्वतःच्याच लग्नाची उरलेली पत्रिका आणली आणि उजव्याच्या तोंडाशी धरली. पत्रिका फडफडली. माझ्या तोंडाशी धरली. पत्रिकेतलं कुणीही हललं नाही.

"डावा चोक झालाय," दिपेशने निकाल दिला. "कार्बन."

तपासणी इथवर अगदी बरोबर होती हो. एकीकडे जोर आहे, दुसरीकडे नाही, हे कळलं. पुढचा प्रश्न एवढाच होता की, जो इकडे आला नाही तो गेला कुठे. तो कुणी विचारला नाही. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उपचार सुरू केले.

पहिल्या दिवशी ट्रेलरची ताडपत्री ओढायचा आकडा माझ्यात घालून ढवळला. दुसऱ्या दिवशी धुलाईच्या दुकानात नेऊन पाण्याचा फवारा मारला, त्यामुळे मी आतूनही गंजायला लागलो. मग पेट्रोलमध्ये ओतायची एक निळी बाटली आली. शेवटी निकेतने कुलदीपला फोन लावला. कुलदीप कुणाच्या तरी ट्रेलरखाली झोपून बोलत होता. "लांब पळवा शेठ, हायवेला. कार्बन उडून जाईल," असं सांगून त्याने फोन ठेवला. गाडीखाली झोपलेल्या माणसाला या गाडीखाली एकदा झोपावंसं मात्र वाटलं नाही.

इकडे घरात दुसरंच सुरू झालं होतं. निकेतची आजी येसूबाई गाडीत बसली की तिचं डोकं धरायचं. ती नेहमी मागे डावीकडे बसते, म्हणजे बरोबर माझ्या जोडावर. बाजारातून येईस्तो तिला मळमळायचं, उतरताना तोल जायचा.

"निकेत, काच खाली कर रं बाला," ती म्हणायची. "मना कोंडल्यावानी होतंय."

"आजी, एसी चालू हाय. काच उघरली का सगली धूल आत येते."

हायवेची धूळ टाळायला निकेतने आतलीच हवा आत फिरवायचं बटण दाबून ठेवलेलं. काचांचं आणि मागच्या दारांचं कुलूपही त्याच्याच हाताशी. वास येतो अशी बायको प्राप्तीची तक्रार आली, तेव्हा त्याने डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या अत्तराची बाटली लावली. तरी वास राहिला, तेव्हा मोठी बाटली लावली.

येसूबाईला गाडी लागते, असं ठरलं. चाळीस वर्षं ट्रकच्या टपावर बसून माहेरी गेलेल्या बाईला एसी गाडी लागते! मग प्राप्ती म्हणाली, दृष्ट लागली असेल, हळदीला सगळ्या गावाची नजर गाडीवर होती, तेव्हापासूनच हे चाललंय. प्राप्ती नर्सिंगचं एक वर्ष शिकलेली मुलगी. पण घरात सगळे ज्या दिशेने चालतात त्या दिशेने चालणं सोपं असतं. तिने मीठ, मोहरी, मिरच्या येसूबाईवरून ओवाळल्या, मग गाडीवरून ओवाळल्या आणि अंगणात जाळल्या. कुणालाच ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर, हा आपला जुना नियम. खरं तर खाडीवरून वारं सुटलं होतं आणि शेजारी आपापल्या घरात खोकून बेजार झाले होते. त्यांना विचारायला कुणी गेलं नाही.

मला सगळं कळत होतं. तो धूर माझ्या वाटेवरचा होता, आणि तो त्या म्हाताऱ्या बाईच्या नाकात जात होता. मला त्याची शरम वाटत होती. पण सायलेन्सरने करायचं काय? गप्प पडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. मी गप्प पडलो, तर त्यांनी माझ्यात आकडा घातला.

प्राप्तीचा एक नवस होता. मूल झालं की त्याला हरिहरेश्वरला पायावर घालीन, असा. आता तिचा स्वराज आठ महिन्यांचा झाला होता. कुलदीपने गाडी लांब पळवायला सांगितलेलीच होती. एका फेरीत नवसही फिटेल आणि कार्बनही उडेल, अशी योजना निकेतने आखली. देवाला आणि मला एकाच दिवशी उरकायचं ठरलं.

सकाळी आठला निघाले. पुढे निकेत आणि दिपेश, मागे येसूबाई, प्राप्ती आणि मध्ये पाळण्याच्या सीटमध्ये बांधलेला स्वराज. काचा बंद. बूफर चालू. पेण गेलं, माणगाव आलं. कार्बन उडावा म्हणून निकेत मोकळा रस्ता दिसला की गाडी दामटत होता. जितकी रेस, तितका धूर त्या भेगेतून वर चढत होता आणि बुचाच्या भोकातून, बूफरच्या मागून आत जात होता. मी मागे टांगलेला, ते सगळं ऐकत होतो.

माणगावच्या पुढे प्राप्ती म्हणाली, "माझंपण डोकं जड झालंय. रात्री झोप नाय झाली."

"माझं पण," दिपेश म्हणाला. "ऊन बघ किती हाय."

"काच खाली कर," येसूबाई म्हणाली.

"आजी, आलंच बघ म्हसला."

स्वराज झोपला होता. पेणपासून झोपला होता. दर तासाला दूध मागून घर डोक्यावर घेणारा तो पोर, बूफर दणदणत असताना गाढ झोपला होता. गालांवर छान लाली आली होती.

"बाल किती शांत हाय आज," दिपेश मागे वळून म्हणाला. "देवाला चाललाय ते कललंय त्याला."

येसूबाईने स्वराजच्या तळपायाला चिमटा काढला. तो हलला नाही. तिने दुसऱ्या पायाला काढला.

"निकेत, काच उघर. पोर उठत न्हाय."

"झोपू दे ना आजी. उठवतेस कशाला?"

तिने काचेचं बटण दाबलं, ते चालेना. दाराची कडी ओढली, दार उघडेना. प्राप्ती शेजारी डोळे मिटून बसली होती, तिला हाक मारली तर तिने नुसतं "हं" केलं. मग येसूबाईने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून नवसाचा नारळ काढला, शेंडी मुठीत धरली आणि काचेवर हाणला. पुन्हा हाणला. मिठाची फावडी ओढलेले हात ते, सत्तरीतही जोर राखून होते.

"आजी! काच फुटंल!" निकेत किंचाळला आणि त्याने करकचून ब्रेक मारला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. पोर उठत नाही म्हणाली तेव्हा गाडी थांबली नव्हती. काच फुटेल म्हणून थांबली.

पण थांबली, ते महत्त्वाचं. दार बाहेरून उघडलं गेलं. येसूबाईने पट्टा सोडून स्वराजला उचललं आणि रस्त्याच्या कडेला काजूच्या झाडाखाली नेलं. पोराची मान लुळी पडली होती. प्राप्ती गाडीतून उतरली आणि दोन पावलांवर मटकन बसली. निकेत "स्वराज, स्वराज" करत नुसता उभा. येसूबाई पोराचे तळवे चोळत होती, पाठीवर थापट्या मारत होती आणि त्याला वाऱ्याकडे तोंड करून धरत होती. गाडीचं इंजिन अजून चालूच होतं. बंद करायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. मला वाटत होतं, कुणीतरी बंद करा रे, निदान आता तरी.

स्वराजने दूध ओकलं. मग बारीकसं कण्हला. मग रडला. मोठ्याने नाही, पण रडला. निकेत त्या आवाजाने खाली बसला आणि धाय मोकलून रडू लागला.

म्हसळ्याच्या दवाखान्यात चारी काचा उघड्या टाकून गेले. डॉक्टर बाईंनी पोराला ऑक्सिजन लावला, प्राप्तीला लावला, येसूबाईलाही लावला. गाडीत किती वेळ होते, काचा बंद होत्या का, असं विचारलं. मग म्हणाल्या, "गाडीचा धूर आत येतोय. त्यातल्या विषारी वायूला वासही नसतो. अजून अर्धा तास गेला असता तर मला काही करता आलं नसतं."

दिपेश म्हणाला, "पण मॅडम, डाव्यातून तर धूर येतच नाय! चोक हाय तो!"

येसूबाईने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"येत न्हाय, तं गेला कुठं?"

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आमचे मिठागरावं शेवटचे वाफ्यात पानी आलं न्हाय, तं आमी त्या वाफ्यात बसून फावडा मारत होतो काय? तिथं पानीच न्हाय तं फावडा कशाला? उलटं चालाचं. बांधाबांधानं मागं जायाचं, पानी सोडलं तिथवर. वाटंत कुठंतरी चिंबोरीनं बीळ केलेलं असतं. तुमी दोगं महिनाभर त्याचे तोंडाशीच बसलाव."

दुपारी स्वराज दूध प्यायला. तेव्हा मग ती काठी टेकत दवाखान्याच्या आवारात आली आणि तिने तपासणी पुन्हा मांडली. गाडी मोकळ्यावर, सगळ्या काचा, दारं उघडी. निकेतला चटई टाकून गाडीखाली घातलं. दिपेशला लाकडाने ओला पंचा उजव्याच्या तोंडावर दाबायला लावला. सगळा धूर डाव्याकडे वळला पाहिजे होता.

"चालू कर," ती म्हणाली. ड्रायव्हरच्या सीटवर दवाखान्याचा शिपाई बसला होता.

इंजिन सुरू झालं. माझ्या तोंडातून एक फुंकर आली, मेणबत्तीही विझली नसती अशी. पण वर, मागच्या सीटखाली, फुस्स करून जोराचा आवाज झाला. निकेतने टॉर्च मारला. जोडाच्या वरच्या बाजूला भेग, आणि तिच्यासमोर गाडीच्या तळावर हात-दोन हात काळी काजळी. काजळीचा पट्टा थेट डिकीच्या त्या भोकापर्यंत गेला होता.

"बंद करा," निकेत म्हणाला.

बाहेर येऊन त्याने डिकी उघडली. बूफर ओढून काढला. त्याच्या मागे स्वराजच्या कपड्यांची पिवळी पिशवी होती. भोकाकडची तिची बाजू काळी झाली होती. निकेतने ती पिशवी हातात घेतली. मग तो आजीच्या पायाशी बसला.

"तू महिनाभर सांगत व्हतीस," तो म्हणाला.

"मी म्हातारी बोलते, त्याचा कुनाला आवाज येते?" येसूबाई म्हणाली. पण हात त्याच्या डोक्यावर होता.

डॉक्टर बाईंनी एक दिवस ठेवून घेतलं. नवस दुसऱ्या दिवशी फिटला, एसटीने जाऊन. येसूबाई खिडकीशी बसली होती म्हणे.

गाडी म्हसळ्यालाच सदा मिस्त्रींच्या गॅरेजात आली. सदा मिस्त्री म्हणजे साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेले, कमी बोलणारे. त्यांनी गाडीखाली जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन निकेतला विचारलं, "हे कुणी केलं?" मिस्त्रींनी मला कापून काढलं, मुख्य नळी सरळ जोडली, वेल्डिंग चारी बाजूंनी केलं आणि आरसा धरून वरची बाजू निकेतला दाखवली. डिकीच्या भोकाला नवीन बूच बसवलं. बंपरला डावीकडे माझ्यासाठी पाडलेली खाच तेवढी राहिली. दिपेश हळूच म्हणाला, तिथे नुसतं चकाकणारं तोंड चिकटवता येईल, आतून काही नाही, फक्त दिसायला. निकेतने त्याच्याकडे असं पाहिलं की दिपेश एसटीच्या वेळा विचारायला निघून गेला.

तर सध्या माझा मुक्काम म्हसळ्यात आहे. मिस्त्रींनी मला भंगारात दिलं नाही. दाराजवळ खिळ्याला टांगलंय, भेग पुढे करून. कुणी डबल सायलेन्सर बसवायला आलं की ते मला उतरवून त्याच्या हातात देतात आणि स्वराजची हकीकत सांगतात. पोरं ऐकून घेतात, चुकचुकतात. मग भेगेतून बोट आरपार घालून विचारतात, "पण काका, आवाज कसा येत होता?" काल एकाने माझ्याबरोबर सेल्फी काढला.

त्यांच्याकडून मला काही आशा नाही. तुमच्याकडे एक मागणं आहे, तेवढं मागतो आणि थांबतो. गाडीतून जाताना मागच्या सीटवरचं म्हातारं माणूस "काच उघड" म्हणालं, तर आधी काच उघडा. कारण मागाहून विचारा.